चारशे सतराची कबुली

मी व्हॉल्व्ह बोलतोय. बाँब नव्हे.

हे आधीच सांगून टाकतो. कारण एका मोठ्या देशाच्या कागदांत माझ्याविषयी अशा भाषेत लिहिलं गेलंय की वाचणाऱ्याला वाटावं, मी आत्ता फुटेन आणि निम्मं बडोदं घेऊन जाईन. त्या देशाचं नाव मी घेत नाही. त्यानं माझ्या माणसांची नावं पुष्कळ घेतली, तेवढं पुरे.

माझं वजन साडेसहा किलो. डोक्यावर फिरवायचं चाक, दोन बाजूंना पाइपला जोडायच्या दोन जाड चकत्या, त्यांना फ्लँज म्हणतात, आणि पोटात पोलादाचा एक पातळ भाता. चाक फिरवलं की भाता बाजाच्या पेटीसारखा मिटतो, उघडतो. त्या भात्यामुळे माझ्यातून एक थेंब बाहेर येत नाही. एका फ्लँजच्या खालच्या अंगाला तीन आकडे ठोकलेले आहेत. ४१७. तंटा काय तो या तीन आकड्यांवरून झाला.

१९७४ च्या मे महिन्यात भारतानं राजस्थानच्या वाळवंटात पहिला अणुस्फोट केला. मग परदेशांत बैठका झाल्या. ज्यांच्या कोठारांत हजारोंनी बाँब होते ते देश एकत्र बसले आणि त्यांनी ठरवलं, या देशाला आता काही द्यायचं नाही. अणुभट्टीचे भाग नाहीत, सुटे भाग नाहीत, सुटा स्क्रू नाही. जो पोटभर जेवला तो शेजाऱ्याला उपासाचं महत्त्व सांगत होता, आणि त्या प्रवचनाला नाव होतं जागतिक शांतता.

आपल्याकडे तेव्हा वीज बनवायच्या अणुभट्ट्या अर्ध्यामुर्ध्या उभ्या होत्या. त्यांतल्या एकीसाठी बारा व्हॉल्व्ह मागवले होते. सहा आले, बसवले गेले. उरलेले सहा परदेशातल्या बंदरावरच अडले.

त्या सहांच्या शोधात हेरंब सबनीस बडोद्याला आला. अणुखात्यातला तरुण इंजिनिअर, खांद्याला शबनम पिशवी, डोळ्यांत झोप नाही. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका पत्र्याच्या शेडवर पाटी होती, ‘निरुपमा इंजिनिअरिंग वर्क्स’. आत एक लेथ, एक वेल्डिंगचा संच आणि दीनानाथ पांचाळ नावाचा चव्वेचाळीस वर्षांचा माणूस. शेडला बायकोचं नाव दिलं होतं, कारण नोकरी सोडून धंदा काढायला तीच म्हणाली होती.

“दीनानाथजी, कोयलीच्या रिफायनरीतल्या लोकांनी तुमचं नाव सांगितलं,” हेरंब म्हणाला.

“ते नेहमी जुने व्हॉल्व्ह पाठवतात दुरुस्तीला. आज पहिल्यांदा माणूस पाठवलाय. बसा ने.”

हेरंबकडे नकाशा नव्हता. जे सहा व्हॉल्व्ह आले होते ते भट्टीत बसले होते, त्यांना उघडून बघण्याची सोय नव्हती. त्याच्याकडे फक्त पाइपचं माप होतं, दाब किती ते होतं, आणि एक वाक्य होतं: यातून जड पाणी जाईल, ते मोठ्या मुश्किलीनं बनतं, त्याचा थेंबही गळता कामा नये.

“आत काय असतं?” दीनानाथनं विचारलं.

“ते कळलं असतं तर मी बडोद्याला कशाला आलो असतो?”

दीनानाथ हसला. मला वाटतं, माझा जन्म त्या हसण्यात झाला. पोलाद नंतर आलं.

भात्यानंच सगळ्यांना रडवलं. कागदाएवढ्या पातळ पोलादी नळीला चुण्या पाडायच्या, पण चुणी पडताना ती चिरायची. एक चिरली, पाच चिरल्या, सतरा चिरल्या. हेरंब दर पंधरवड्याला यायचा, कोपऱ्यातला तुकड्यांचा ढीग बघायचा आणि चहा न घेता जायचा.

मग एके दिवशी निरुपमाताईंची पाटली चेपली. त्या शाळेत शिकवायच्या, एका वर्गाचं दार हातावर आपटलं होतं. दीनानाथ त्यांना घेऊन लहरीपुरा दरवाज्याजवळ जनार्दन सोनाराकडे गेला. जनार्दननं पाटली हातात फिरवली आणि म्हणाला, “वहिनी, आत लाख भरलेली आहे म्हणून नुसती चेपली. पोकळ असती तर चिरली असती.”

दीनानाथ दुकानातून उठला तो पाटली तिथंच विसरून. निरुपमाताईही मागे राहिल्या. त्यांना रिक्षा करून यावं लागलं, आणि ते त्यांनी त्याला पुढची तीस वर्षं ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी नळीत लाख भरून चुण्या पाडल्या. मग गरम करून लाख वितळवून काढली. नळी चिरली नाही. तो माझा भाता.

मला दोन हजार वेळा उघडलं आणि मिटलं. मोजायला निरुपमाताई शेडमध्ये स्टुलावर बसायच्या, मांडीवर शाळेची वही, दर पाचाला एक आडवी रेघ. मग पोटात वायू भरून हेरंबनं बाहेरून त्याचं गळती शोधायचं यंत्र लावलं. यंत्राचा काटा हलला नाही. हेरंबनं यंत्रावर टिचकी मारली. तरी हलला नाही. त्या दिवशी तो दोन कप चहा प्यायला.

आता त्या नंबराचं सांगतो.

दीनानाथ तरुणपणी रेल्वेच्या कारखान्यात होता. तिथं प्रत्येक कारागिराला पितळी बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. दीनानाथचा ४१७. फोरमन मानसिंगराव म्हणून होते, मोठ्या मिशांचे आणि त्याहून मोठ्या आवाजाचे. त्यांचा दंडक असा की काम पुरं झालं की कारागिरानं त्यावर आपला नंबर स्वतःच्या हातानं ठोकायचा. नवीन आलेल्या दीनानाथला वाटलं, ही शाबासकी. मानसिंगराव म्हणाले, “नाव मिरवायला असतं, पांचाळ. नंबर पकडले जायला असतो. पकडलं जायची तयारी नसेल तर कामाला हात लावू नको.”

हेरंबची अट अगदी उलट होती. व्हॉल्व्हवर नाव नको, गाव नको, शिक्का नको. कुणी बनवला हे कुणाला कळता कामा नये. दीनानाथनं मान हलवली होती. आणि मी पुरा झालो तेव्हा त्याच्या डाव्या हातानं मला उलटं धरलं आणि उजव्या हातानं हातोडी उचलली. विचारही केला नाही. जेवल्यावर माणूस हात धुतो तसे तीन ठोके पडले.

“काका, हे काय केलंत!” हेरंबनं बघितलं तेव्हा तो जवळजवळ ओरडलाच. “नाव-गाव नको म्हटलं होतं ना?”

“नाव कुठं आहे? गाव कुठं आहे?”

“मग हे काय?”

“तो नंबर आहे,” दीनानाथ म्हणाला, जणू समोरच्याला साधी गोष्ट कळत नाही. “घासून काढलात तर फ्लँज पातळ होईल. मग नवा बनवावा लागेल. बनवू?”

हेरंबला घाई होती. मला धरून सात व्हॉल्व्ह झाले, सातांवर तोच नंबर राहिला. माझे सहा भाऊ लाकडी खोक्यांत, भुशात निजून गेले. कुठं गेले मला सांगितलं नाही. मी पहिला, म्हणून नमुना म्हणून शेडमध्येच राहिलो. पुन्हा लागले तर मला बघून बनवायचे. लागले नाहीत. सहा जण ज्या कामासाठी जन्मले त्या कामाला लागले, आणि मी फळीवर एका जुन्या बनियनखाली धूळ खात बसलो. याचं मला बरीच वर्षं वाईट वाटत होतं.

चारू आली आणि बरं वाटू लागलं. चारुलता, दीनानाथची एकुलती एक मुलगी, माझ्यानंतर वर्षभरानं जन्मलेली. शाळा सुटली की शेडमध्ये यायची, बनियन ओढून काढायची आणि माझं चाक फिरवत बसायची. पाढे तिनं माझ्या चाकावर पाठ केले. “बाबा, हा काय करतो?” तिनं एकदा विचारलं. “हा काही करत नाही,” दीनानाथ म्हणाला. “गळत नाही, एवढंच करतो.” माझं इतकं नेमकं वर्णन आजवर दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

पुढं घात झाला तो माझ्या फोटोनं. हे कबूल करतो, आमच्यात कबुली देण्याची पद्धत आहे.

१९९५ साली देशी यंत्रभागांचं एक प्रदर्शन भरलं. हेरंब तोवर मोठा अधिकारी झाला होता, केस पिकले होते आणि अभिमान वाढला होता. तो मला मागून घेऊन गेला. प्रदर्शनाची स्मरणिका निघाली. आपल्या लोकांना स्मरणिका काढल्याशिवाय काही घडलं असं वाटतच नाही. फोटो काढणाऱ्याला मी सरळ ठेवलेला आवडलो नाही, म्हणून त्यानं मला उलटा ठेवला. खाली छापलं होतं, ‘संपूर्ण देशी व्हॉल्व्ह. निर्मात्याचं नाव प्रसिद्ध करता येत नाही.’ आणि वर चकचकीत कागदावर माझं बूड, बुडावर ४१७.

तेवढ्यात भागलं असतं. पण बडोद्यातल्या कारखानदारांची जी सूची दर वर्षी निघायची, तिच्यात ‘निरुपमा इंजिनिअरिंग वर्क्स’ची जाहिरात असायची: ‘दूध डेअरी व केमिकल कारखान्यांसाठी व्हॉल्व्ह. ४१७ हा नंबर पाहून घ्या.’ गुप्तहेर लागले नाहीत. एक स्मरणिका आणि एक जाहिरात पुरली.

१९९८ च्या मे महिन्यात पुन्हा स्फोट झाले. पुन्हा परदेशांत बैठका झाल्या. हिवाळ्यात त्या मोठ्या देशानं यादी काढली, या या भारतीयांना कुणी काही विकायचं नाही. मोठमोठ्या संस्थांच्या त्या लांबलचक यादीत एका लेथचा एक पत्र्याचा शेडही होता. बाजूच्या शेडमधला उत्तमभाई पेढे घेऊन आला. “दीनानाथभाई, आखी दुनिया तमाराथी डरे छे!” दीनानाथनं पेढा खाल्ला, हसलाही.

हसू चारूपर्यंत पोचलं नाही. तिनं कलाभवनातून, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, धातुशास्त्राची पदवी घेतली होती आणि त्याच देशातल्या एका विद्यापीठानं तिला पुढच्या संशोधनासाठी जागा दिली होती. ऑगस्टमध्ये जायचं होतं. व्हिसाच्या खिडकीवर तिला सांगितलं, वडिलांच्या व्यवसायाबद्दल खुलासा हवा. पासपोर्ट परत आला, कोरा. त्यांचं घर हरणीला होतं, विमानतळाच्या जवळ. विमान डोक्यावरून गेलं की चारू पूर्वी वर बघायची. आता खाली बघायला लागली.

मार्ग काढला तो विश्वंभरमामानं. हा निरुपमाताईंचा धाकटा भाऊ, निर्यातीच्या कागदपत्रांची कामं करायचा, चार वकिलातींत ओळखी. तो शेडमध्ये आला आणि घाम पुसत म्हणाला, “भाऊजी, त्यांचा अधिकारी स्वतः येतोय बडोद्याला. एक कागद आहे. त्यावर सही करायची. लिहायचं एवढंच की हा व्हॉल्व्ह मी बनवलेला नाही, बाहेरून आला, मी नुसता ठेवून घेतला. नंबर माझा नाही. आणि व्हॉल्व्ह त्यांना देऊन टाकायचा. यादीतून नाव बाद, चारूचा व्हिसा पक्का. बराबर ने?”

“बाहेरून आला? कुठून?”

“कुठूनही! तुम्हाला काय करायचंय?”

मला फळीवर बसल्या बसल्या कळलं, त्यांना काय करायचं होतं. एका शेडमध्ये, एका लेथवर मी बनलो हे मान्य केलं, तर पंचवीस वर्षांच्या बंदीचा उपयोग काय झाला? मी चोरीचा माल ठरायला हवा होतो. म्हणजे फक्त पहारा वाढवायचा, बंदी शहाणीच ठरते.

मामा गेल्यावर चारू बोलली. “बाबा, तीन शब्द आहेत. नंबर माझा नाही.”

“नंबर माझा आहे पण.”

“असू दे ने! तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. त्यांना कागद हवाय, द्या कागद.”

“सहा जण आहेत अजून कुठंतरी कामावर,” दीनानाथ हळू म्हणाला. “उद्या एखादा गळला, आणि तिथला माणूस खाली वाकून नंबर बघून इथं विचारायला आला, तर काय सांगू? माझा नाही, माझ्याकडे कागद आहे?”

“तुम्हाला ते सहा दिसतात. मी दिसत नाही.”

चारू दारापर्यंत गेली आणि वळली. तिनं विचारलं ते आजवर त्या शेडमध्ये कुणी विचारलं नव्हतं.

“आणि त्या सहांचा हात बाँबला लागला असेल तर? हेरंबकाका वीज म्हणाले, तुम्ही मान हलवलीत. कुणी बघितलंय? तेही तुमच्याच नंबरवर?”

दीनानाथनं लेथवरचा कीस बोटानं गोळा केला. “असेल तर तेही माझ्याच नंबरवर,” तो म्हणाला. “म्हणून तर खोडायचा नाही.”

मीही तेच म्हणतो. माझे भाऊ कुठं आहेत, काय करतात, मला ठाऊक नाही. बाँब मला आवडत नाही. जो धातू फुटण्यासाठी जन्मतो त्याची मला कीव येते. पण ज्याच्या तळघरात हजारो आहेत त्यानं माझ्या तोंडून ‘मी मी नाही’ असं वदवून घ्यावं, हे मला मान्य नाही.

ठरल्या दिवशी सकाळी दीनानाथनं मला कापडी पिशवीत घालून स्कूटरवरून हरणीला नेलं. बैठकीच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मला ठेवलं. साहेब दहाला आला. उंच, उन्हानं लाल झालेला, न सांगता दाराशी बूट काढले, पोहे मागून घेतले. माणूस वाईट नव्हता. अशा कामांवर वाईट माणसं पाठवत नाहीत.

दीनानाथचं इंग्रजी वर्कशॉपपुरतं. त्यामुळे मामा म्हणाला, “चारू आहे ने, ती सांगेल.” एका बाजूला बाप, एका बाजूला साहेब, मध्ये चारू आणि तिच्यासमोर मी.

साहेबानं मला सगळीकडून बघितलं. चाक फिरवलं. मग विचारलं, आणि चारूनं मराठीत सांगितलं, “बाबा, ते विचारतायत, भात्याची युक्ती तुम्हाला कुणी दिली? नाव हवंय.”

“नाव हवं ने? लिहून घ्या म्हणावं. जनार्दन सोनार, लहरीपुरा दरवाजा, पाटल्यांचं दुकान. त्यालाही यादीत घाला.”

“भाऊजी!” मामानं कपाळावर हात मारला.

चारूनं ते जसंच्या तसं सांगितलं. साहेब हसला, त्याला तो विनोद वाटला. तेव्हा निरुपमाताई आतून आल्या. हातातली पाटली त्यांनी काढली आणि टेबलावर माझ्या शेजारी ठेवली. “हीच ती. अजून आत लाख आहे. यांनी हिच्यासकट मला दुकानात टाकून पळ काढला होता, तेही सांग त्यांना.”

चारूनं तेही सांगितलं. साहेबानं पाटली तळहातावर तोलली, मग माझ्याकडे बघितलं, मग दीनानाथच्या हातांकडे. शेवटी तो काहीतरी बोलला आणि चारूचा आवाज बदलला. “ते म्हणतायत, मला पटलं. पण पटलं हे लिहायला माझ्या फॉर्ममध्ये रकाना नाही.”

आणि त्यानं कागद पुढं सरकवला, वर पेन ठेवलं.

“सांग त्यांना,” दीनानाथ म्हणाला. “व्हॉल्व्ह मी बनवला. नंबर माझा. माझा नाही असं लिहिलेल्या कागदावर मी सही करणार नाही.”

चारूची नजर कागदावर गेली.

मामानं तिच्याकडे बघितलं आणि कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. मग ते बोट हळूच हवेत आडवं फिरवलं. खोडल्याची खूण. मला कळलं, चारूला तर केव्हाच कळलं होतं. कागद इंग्रजीत होता. तिनं नुसतं म्हटलं असतं, “बाबा, ती ओळ त्यांनी काढली, करा सही,” तर दीनानाथनं केली असती. पोरीच्या वाचनावर त्याचा माझ्या भात्याइतकाच भरवसा होता. साहेबाला मराठी येत नव्हतं. घरातलं कुणी बोललं नसतं. ऑगस्टचं विमान तिथं टेबलावर, माझ्यापासून चार बोटांवर पडलं होतं.

तिनं कागद उचलला. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तिनं ते पुसलं नाही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तिनं तो मराठीत मोठ्यानं वाचून दाखवला. एक शब्द गाळला नाही. मग म्हणाली, “बाबा, ओळ तशीच आहे.”

आणि वळून साहेबाला बापाचं उत्तर इंग्रजीत सांगितलं. तेही न गाळता.

साहेबानं पेनाला टोपण लावलं. फाईल मिटता मिटता त्यानं तिला विचारलं, याचा तुझ्यासाठी काय अर्थ होतो हे तुला समजलंय ना?

“मीच तर भाषांतर केलं,” चारू म्हणाली.

थेंब गळू न देणं हा माझा धंदा. पण त्या दिवशी त्या घरात जे गळलं नाही, त्याची बरोबरी माझ्यानं होणार नाही. साहेब उठला. जाण्याआधी त्यानं मला उलटं केलं आणि नंबरावरून एकदा अंगठा फिरवला. मला न घेता गेला.

चारू बापाशी महिनाभर बोलली नाही. ऑगस्ट आला आणि गेला. मग एके सकाळी ती शेडमध्ये आली, वेणी वर बांधली आणि म्हणाली, “लेथ दाखवा.”

दीनानाथनं काहीएक शिकवण दिली नाही. मानसिंगरावांचं ते वाक्य तेवढं ऐकवलं. दीड वर्षानं तिचा पहिला व्हॉल्व्ह पुरा झाला तेव्हा तिनं ४१७ चा ठसा हातात घेतला. त्यानं तो काढून घेतला. “नंबर वारशात मिळत नाही. चुका ज्याच्या त्याच्या.” आणि खिशातून नवा पितळी बिल्ला काढून दिला. ४१८.

दीनानाथ २००६ साली गेला. यादीत नाव असतानाच गेला.

दोन वर्षांनी भारताचा त्या देशाशी अणुकरार झाला. ज्यांनी दार लावलं होतं त्यांनीच ते उघडलं, तेव्हा फोटो निघाले, हात हातात, हसू कानापर्यंत. आपल्याही लोकांचे, त्यांच्याही. वीज बनवणाऱ्या काही भट्ट्यांवर परदेशी तपासनिसांची नजर, त्या बदल्यात व्यापार मोकळा. करार चांगला की वाईट, यावर बडोद्यात पानांच्या टपऱ्यांवर अजून भांडणं होतात. मी एवढंच बघितलं की त्या सगळ्या फोटोंत एकही हात ग्रीसनं काळा झालेला नव्हता.

पुढं २०११ साली पत्र आलं. ‘श्री. दीनानाथ पांचाळ यांस, आपलं नाव सदर यादीतून वगळण्यात आलं आहे.’ घातलं कुणी, वगळलं कुणी, काही नाही. वगळण्यात आलं! जणू यादी झाडाला लागली होती आणि आपोआप गळून पडली. चूक झाली असं कुठं नव्हतं. खालच्या सहीचा नुसता रबरी शिक्का. पांचाळ गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. चारूनं पत्र एकदा वाचलं, टेबलावर ठेवलं आणि त्यावर मला ठेवलं.

त्याच वर्षी त्याच देशातल्या एका कंपनीचे दोघं मकरपुऱ्यात आले. त्यांना चारूचे व्हॉल्व्ह हवे होते. माल पसंत पडला. अट एकच, वर फक्त त्यांच्या कंपनीचं नाव असेल, बाकी काही खूण नको.

“नंबर ठोकल्याशिवाय माल जात नाही,” चारू म्हणाली.

“पण तो कोण बघणार आहे? खालच्या बाजूला तर असतो!”

“गळला की बघतात.”

ते उठून गेले. चार महिन्यांनी परत आले. आज त्या देशात कितीतरी व्हॉल्व्हांवर, खालच्या अंगाला, ४१८ आहे.

मी अजून मकरपुऱ्यातच आहे, चारूच्या टेबलावर, त्या पत्रावर बसलेला. चाकाला थोडा गंज चढलाय. भाता ठणठणीत. मध्यंतरी कुणीतरी मला काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी मागायला आलं होतं. चारूनं नाही म्हटलं, मीही नाही म्हणतो. काचेतल्या वस्तूला कुणी जाब विचारत नाही.

तुम्ही आलात तर मला उलटं करा. लाजू नका, माझं बूड जगानं बघितलंय. नंबर वाचा. मग तुमच्या कामाच्या खाली वाकून बघा, नंबर ठोकलाय का. आणि जे कुठं तरी लांब, थंड खोल्यांत बसून याद्या करतात, करार करतात, कुणी काय बनवावं नि कुणी काय बनवू नये ते ठरवतात, त्यांच्या कागदांखालीही वाकून बघा. तिथं कुणाचा नंबर आहे?

माझ्यावर आहे. तो मी खोडू देणार नाही. आणि माझ्या सहा भावांपैकी कुणी कुठंही, कशासाठीही गळाला असेल, तर मकरपुऱ्यात या. चारशे सतराची तक्रार आता चारशे अठरा ऐकते.